सुखदेव, तो पाइप तुझा होता

सुखदेव,

तुझ्या शोकसभेत मी पाच मिनिटं बोललो. प्रामाणिक होता, कष्टाळू होता, हातात कसब होतं, कधी कोणाला उलटून बोलला नाही, असं सगळं म्हणालो. समोर सतरंजीवर बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. मी वकील माणूस, पाच मिनिटं कोणावरही बोलू शकतो. जे एक वाक्य बोलायचं होतं तेवढं मात्र राहिलं. खाली बसलो तेव्हा मानेवरून घाम निथळत होता, आणि दिवस तर थंडीचे.

वाक्य साधंच होतं. माझ्या गाडीचा तो पाइप सुखदेवनं बनवलाय, विलायतेहून आलेला नाही. एवढंच. सहा वर्षांपूर्वी अकोल्याला एका व्हरांड्यात ते बोलायची वेळ आली होती. तू चार हात अंतरावर उभा होतास, माझ्या तोंडाकडे बघत. आणि मी दुसरंच बोललो. तेव्हापासून ते वाक्य मी आतच ठेवलंय. तू गेल्यावर तरी ते बाहेर पडेल असं वाटलं होतं, पण तिथंही मी तुझ्या स्वभावाचं कौतुक करत बसलो. तुझ्या स्वभावाशी मला काय करायचं होतं?

आधी गाडीचं सांगतो. ती करड्या रंगाची दोन दारांची इंग्लिश गाडी मी अमरावतीहून बदलून चाललेल्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा तू बडनेरा रोडवरच्या गॅरेजात हेडमिस्त्री होतास. आपण एकाच गावचे, नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडचे. गावात मी पाटलाचा बापू, तू आमच्याकडे राबणाऱ्याचा मुलगा. अमरावतीत आल्यावर ते सगळं मागे पडलं असं मला वाटायचं. तुला काय वाटायचं ते मी विचारलं नाही. तू मला बापू म्हणायचास आणि तुमी म्हणायचास, मी तुला तू म्हणायचो, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मला वेगाचं वेड होतं. गाडी पंचावन्न मैलांच्या वर जायला नकार देत होती. तू बॉनेट उघडून कान लावलास आणि म्हणालास, तिले श्वास सोडता येऊन नाही राहिला. मग मला खाली वाकवून ते दाखवलंस. इंजिनाच्या चार तोंडांतून धूर निघतो आणि तो ओतीव लोखंडाच्या एका बुटक्या तुकड्यात कोंबला जातो. चार भाऊ एकाच दारातून एकदम निघायला गेले तर उंबऱ्यातच भांडतील, तसं चाललंय म्हणालास. चौघांना चार वेगळ्या लांब नळ्या द्यायच्या आणि भांडण मिटल्यावर पुढं कुठंतरी एकत्र आणायचं. असे पाइप बाहेरच्या देशांत तयार मिळतात हे तुला माहीत होतं, मला नव्हतं.

मग सुरू झालं आपलं महिनाभराचं भांडण. मुंबईच्या एका दुकानातून मी दोन कॅटलॉग मागवले. एक इटलीच्या सोर्टी कंपनीचा, एक इंग्लंडच्या ब्रॅडवेलचा. मला सोर्टी हवा होता. चित्रात डोंगराच्या वळणावर एक लाल गाडी होती, आणि अकोल्याच्या कापसाच्या जिनवाल्या भैयाजींच्या मोठ्या गाडीलाही सोर्टीच होता, त्यांच्या मेव्हण्यानं परदेशातून आणलेला. ब्रॅडवेलच्या कॅटलॉगात नुसत्या नळ्या आणि आकडे. तू मात्र त्यालाच चिकटून बसलास. एका संध्याकाळी तू घरून बायकोच्या, वत्सलाबाईंच्या, शिवणाचा दोरा घेऊन आलास आणि दोन्ही चित्रांतल्या नळ्या दोऱ्यानं मोजल्यास. सोर्टीच्या मधल्या दोन नळ्या आखूड भरल्या. ब्रॅडवेलच्या चारही सारख्या. मी म्हणालो, चित्रावरून काय कळतं, आणि सोर्टीनं शर्यती जिंकल्यात. तू हसलास.

"बापू, तुमी गाडी पाहून राहिले. मी पाइप पाहून राहिलो."

मी चिडलो होतो त्या वेळी. आज कबूल करतो, तू बरोबर होतास. मी लाल रंगावर भाळलो होतो.

शेवटी दोघांचंही नाक कापलं गेलं. मुंबईच्या दुकानाचं पत्र आलं की दोन्हीपैकी एकही माल शिल्लक नाही, आयातीचा परवाना मिळाला तर वर्षभरानं बघू. पत्र वाचून मी ते टेबलावर आपटलं. तू ते उचललंस, घडी घातलीस आणि म्हणालास, मग मी बनवू का.

मी म्हणालो, "तू?"

तो शब्द मी कसा उच्चारला ते मला अजून ऐकू येतं. तू मनावर घेतला नाहीस, निदान तसं दाखवलं नाहीस. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलास.

त्या दोन महिन्यांसाठी मी तुझा ऋणी आहे, सुखदेव. तेवढं सुख मला नंतर कधी मिळालं नाही. जिनिंगच्या भंगारातून तू बॉयलरच्या जुन्या नळ्या निवडून आणल्यास, बोटानं टिचकी मारून, आवाज ऐकून. नळी वाकवताना ती चेपू नये म्हणून आत रेती ठासून भरावी लागते, आणि रेती बारीक, धुतलेली हवी, हे मला तेव्हा कळलं. कार्तिकात आम्ही घरची मंडळी कौंडण्यपूरच्या यात्रेला निघालो तर तू म्हणालास मलेबी न्या. मी देवळाच्या रांगेत उभा राहिलो आणि तू वर्धेच्या पात्रात उतरून दोन पोती रेती चाळून घेतलीस. येताना माझी आई मागच्या सीटवर प्रसादाची परडी मांडीवर घेऊन बसली होती आणि पायांशी तुझी पोती. ती कुरकुरली नाही, कारण तुझ्याबद्दल घरात सगळ्यांना माया होती. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढं त्याचाच संबंध येणार आहे.

रेतीत ओल राहिली तर भट्टीवर आत वाफ धरते आणि नळी फुटते, म्हणून तू ती रेती घरी तव्यावर भाजायचास. वत्सलाबाईंच्या भाकरीच्या तव्यावर. त्यांनी आधी आरडाओरडा केला, मग स्वतःच उलथनं घेऊन बसल्या. इतवाऱ्यातल्या लोहाराच्या भट्टीवर तू नळी लाल करायचास आणि जमिनीत पुरलेल्या दोन खुंट्यांच्या मध्ये हळूहळू वळवायचास. घाई नाही, शिवी नाही. एकदा मी भाता मारायला बसलो तर दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले आणि तू मला उठवून पाणी दिलंस.

पहिला पाइप तयार झाला तेव्हा एक नळी दोन बोटं आखूड निघाली. मी म्हणालो, चालतंय, बॉनेटखाली कोण बघतंय. तू तो बाजूला टाकून दिलास.

"कोनी नाही पाहत. गाडीले समजते ना."

रेती भाजताना तू एकदाच तुझ्या मनातलं बोललास. भैयाजींच्या मित्रमंडळीत चौघा-पाचांकडे गाड्या आहेत, दोघातिघांनी जरी असे पाइप सांगितले तर गॅरेजची नोकरी सोडून स्वतःची शेड टाकायची. पाटीही ठरली होती तुझी. नुसतं 'सुखदेव, अमरावती'. मी म्हणालो, अकोल्याला एकदा पोचू दे, मी सांगतो सगळ्यांना, बघ कशी रांग लागते. हे मी म्हणालो होतो. मी.

अमरावती ते अकोला गाड्यांची शर्यत, ही आमची हिवाळ्यातली हौस. बक्षीस वगैरे काही नाही, पहिल्या येणाऱ्यानं वर्षभर मिशीवर ताव द्यायचा. भैयाजी आदल्या दिवशी गाडी घेऊन अमरावतीला आले आणि सकाळी सातला आपण सगळे बडनेऱ्याच्या नाक्यावरून निघालो. तू माझ्या बाजूला बसलास, धुतलेला पांढरा शर्ट आणि इस्त्रीची पँट घालून, मांडीवर घड्याळ. मूर्तिजापूरच्या फाटकाशी मालगाडीनं सगळ्यांना सारखं अडवलं. फाटक उघडलं तेव्हा भैयाजी पुढं होते. बोरगाव मंजूच्या अलीकडच्या सरळ रस्त्याला आपण त्यांच्या मागं लागलो. काटा सत्तरवर गेला आणि माझी हिंमत तिथंच संपली. तू डोळे मिटून ऐकत होतास. मग डोळे न उघडताच म्हणालास,

"दाब, बापू. तुले ऐकू येऊन नाही राहिलं का? ते अजून मागून राहिली."

मी दाबलं. ती गेली. भैयाजींची गाडी आरशात लहान होत गेली आणि आपण दोघं वेड्यासारखे हसत होतो. इतक्या वर्षांत तू मला तू म्हणालास ते त्या रस्त्यावर, एकदाच. तुझ्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं होतं आणि मला ते आवडलं होतं.

अकोल्यात भैयाजींच्या बंगल्यावर आपण सहा मिनिटं आधी पोचलो. ते आले ते दिलदारपणे हसतच आले, माझा हात दाबला आणि तुझा शर्ट, घड्याळ बघून तुलाही म्हणाले, या इंजिनिअरसाहेब, बसा. गड्यानं व्हरांड्यात तुझ्यासाठी वेताची खुर्ची आणून ठेवली. तू बसला नाहीस, बॉनेट उघडून पाइपाला हात लावून बघत होतास की सांध्यात धूर फुटलाय का. बाकीचे जमले. भैयाजी वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"वकीलसाहेब, हे कोनत्या कंपनीचं?"

तू सुताच्या बोळ्यानं हात पुसत होतास. पुसायचा थांबलास. स्वतः बोलला नाहीस, कारण मी सांगणार असं ठरलं होतं.

मी म्हणालो, "ब्रॅडवेल. विलायतेहून मागवला."

का म्हणालो? सहा वर्षं मी माझीच उलटतपासणी घेतोय. कधी म्हणतो, तोंडातून निघून गेलं. कधी म्हणतो, खरं सांगितलं असतं तर ते हसले असते. खोटं आहे सगळं. मला भीती वाटली की माझं जिंकणं लहान होईल. विलायती पाइपावर जिंकलो तर मी जिंकलो. तुझ्या पाइपावर जिंकलो तर तू जिंकलास. तेवढा हिशेब त्या अर्ध्या क्षणात माझ्या डोक्यात झाला आणि तुझ्याच आवडत्या कंपनीचं नाव मी तुझ्या कामावर चिकटवलं.

भैयाजींनी तुझ्याकडे बघून विचारलं, मग हे कोण, कंपनीचे का. आणि मी, तुझी बाजू सावरतोय अशा थाटात, तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "छे, हा आमचा सुखदेव. आमच्या घरचा माणूस आहे. याचे वडीलही आमच्याच घरचे."

भैयाजींच्या घरीही शेती, गडीमाणसं, सगळं होतं. वऱ्हाडातल्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी गड्याकडे नुसतं बघितलं. गड्यानं ती वेताची खुर्ची उचलली आणि आत नेली. मी ते बघितलं. तू बघितलंस. मग चहा आला आणि मी बसून तो प्यायलो. तू बॉनेट लावलंस आणि गाडीपाशीच उभा राहिलास. तुला चहा कुठं दिला, दिला की नाही, हे मी पाहिलं नाही, म्हणजे तिकडे मान वळवली नाही.

परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत बसलास. मला वाटलं, पाइपाचा राग आहे. मी सारवासारव सुरू केली, म्हणालो, पुढच्या खेपेला सांगतो खरं काय ते, आज जरा गडबड झाली. तू बाहेर बघतच म्हणालास, "पाइपाचं काही नाही, बापू. नाव कोनाचंबी सांगा, आवाज माहा हाये." आणि मग थोड्या वेळानं, "पन मी तुमच्या घरचा नाही. माह्या घरचा हाये."

मी दुखावलो. हो, मीच. मी म्हणालो, अरे मी प्रेमानं म्हणालो ते, आमच्या घरात तुला कोणी परकं समजलं का कधी, माझ्या आईनं त्या दिवशी—

"प्रेमानंच म्हनत होते," तू म्हणालास. "माह्या बापालेबी प्रेमानंच म्हनत."

तुझे वडील आमच्या गोठ्यात झोपले, आमची लाकडं फोडली, आमच्या घरातल्या मयताचे सांगावे घेऊन दहा-दहा कोस पायी गेले, आणि ओसरीच्या पायरीच्या वर कधी आले नाहीत. त्यांना आम्ही घरचा माणूस म्हणायचो. छप्पन साली तुम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलात आणि त्यांनी आमचं काम सोडलं, तेव्हा माझे वडील खरोखर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते, घरचा माणूस गेला. मी तेव्हा वडिलांची कीव केली होती. तुझ्या वडिलांना स्वतःचं घर मिळालं होतं, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. ज्या शब्दातून सुटायला तू मॅट्रिक झालास, गाव सोडलंस, देव सोडलेस, तो शब्द मी अकोल्यात खांद्यावर हात ठेवून तुला परत दिला.

त्यानंतर तू मला बापू म्हटलं नाहीस. वकीलसाहेब म्हणायला लागलास. गाडी दर महिन्याला तशीच मन लावून बघायचास, दिवाळीला आलो तर चहा द्यायचास, घरात, खुर्चीवर बसवून. पण वकीलसाहेब. मी दोनतीनदा तो वाद पुन्हा काढला. माझा हेतू वाईट नव्हता, हेतू बघायचा असतो, असं कायद्याच्या भाषेत तुला समजावायचो. तू ऐकून घ्यायचास आणि पान्हा शोधायला उठायचास. माफ कर, हे दोन शब्द सोडून मी सगळं बोललो.

आणि शेड तर राहिलीच. अकोल्याहून त्या हिवाळ्यात मला दोघांची पत्रं आली, तुमचा ब्रॅडवेल कुठं मिळेल म्हणून. मी त्यांना मुंबईच्या दुकानाचा पत्ता कळवला. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आज सांगतो. त्यांना पाइप मिळाले नाहीत, तुला काम मिळालं नाही, आणि तू शेवटपर्यंत दुसऱ्याच्या गॅरेजात राहिलास, दुसऱ्याच्या पाटीखाली.

शोकसभा संपल्यावर मी वत्सलाबाईंना भेटायला आत गेलो. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. तोच तवा भिंतीला टेकवलेला. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली. म्हणाल्या, भाकरी खाताना कधी दाताखाली कच्चकन आलं की ते म्हणायचे, ही वकीलसाहेबांच्या गाडीची रेती. मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, आवाज न चढवता,

"अकोल्याची गोष्ट काहून नाही सांगितली तुमी आज?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "ते म्हनायचे, वकील हायेत, खरं बोलाले त्याइले तारीख लागते."

तुझा हा विनोद माझ्यापर्यंत यायला तुला मरावं लागलं. मी हसलो आणि मग तिथंच, त्यांच्यासमोर, तोंडावर रुमाल धरून रडलो. त्यांनी मला थांबवलं नाही.

काल मी तारीख घेतली. गाडी काढली आणि एकटाच अकोल्याला गेलो. भैयाजी थकलेत आता, गाड्यांची हौस गेली. मला बघून खूश झाले. मी नमस्कारसुद्धा न करता बॉनेट उघडलं आणि म्हणालो, भैयाजी, हा पाइप ब्रॅडवेलचा नाही. हा सुखदेवनं बनवलाय, अमरावतीत, वर्धेची रेती भरून. ते गोंधळले. कोण सुखदेव? मी म्हणालो, त्या दिवशी माझ्यासोबत आला होता, पांढऱ्या शर्टातला. त्यांना आठवलं.

"हां हां. तो तुमच्या घरचा..."

"नाही," मी म्हणालो. "तो त्याच्या घरचा होता. त्या दिवशी इथं तोच जिंकला होता. मी नुसता चालवत होतो."

भैयाजी बराच वेळ त्या चार नळ्यांवरून हात फिरवत राहिले. सांधे बघितले, वळणं बघितली. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाले, "सहा वर्षं झाले, वकीलसाहेब. तवाच काहून नाही सांगितलं? म्या चार बनवून घेतले असते."

तोवर गड्यानं माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. भैयाजी बसा म्हणाले, पुन्हा म्हणाले. माझ्यानं बसवलं नाही. चहा आला तो मी गाडीपाशी उभा राहून घेतला.

मला वाटलं होतं, वाक्य बोललो की हलकं वाटेल. नाही वाटलं. ज्यानं ऐकायला हवं होतं तो नव्हता, आणि ज्यानं ऐकलं त्याला आता त्याचं काही करता येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात गॅरेजवाल्यांना आणि तुझ्या वस्तीत जाऊनही सांगणार आहे. सांगत राहीन. त्यानं तुझी शेड उभी राहणार नाही हे मला कळतं.

येताना बोरगाव मंजू मागं पडलं आणि तो सरळ रस्ता आला. समोर कोणी नव्हतं. मी पाय दाबत गेलो, साठ, पासष्ट, सत्तर, आणि तुझा आवाज चढत गेला, चारही नळ्यांतून सारखा, कुठं भांडण नाही. अजून मागत होती ती. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कोणीतरी तू म्हणेल, दाब म्हणेल, म्हणून मी काही वेळ ऐकत राहिलो. मग पाय उचलला आणि गाडी हळूहळू घरी आणली.